शब्द कोणाचा?

शरीर एक सांगतें आणि मन दुसरें, अशी अवस्था ज्यांच्या वांट्यास येते त्यांच्याविषयीं आपलें वाङ्मय काय म्हणतें? राजन गवस यांच्या कादंबऱ्यांच्या आधारें राजीव पाटील यांनीं २००९ मध्यें काढलेल्या ‘जोगवा’ चित्रपटांत सुलीच्या केसांत जट होते आणि ती देवीची हांक ठरते. तायाप्पा मनानें पुरुष. त्याला जोगता करून लुगडें नेसवितात. दोघांनाही कोणी विचारीत नाहीं. उलट लक्ष्मी त्रिपाठी यांनीं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ या आत्मकथनांत जगानें दिलेलें पुरुषपण नाकारून आपली ओळख आपणच सांगितली आहे. वेष दोन्हीकडे स्त्रीचाच; पण एकीकडे तो लादलेला, दुसरीकडे निवडलेला. तेव्हां दोष वेषांत नसून परक्यानें निर्णय करण्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ च्या निकालांत हेंच तत्त्व मान्य केलें.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. विवाहित माणसानें ही गोष्ट प्रथम घरांत सांगावी, पत्नीनेंही आपलें दुःख आणि भय बोलून दाखवावें, मग दोघांनीं डॉक्टरांपुढें बसून हार्मोनांचे परिणाम काय, पुढें मूल होईल कीं नाहीं, हें विचारावें, असा प्रसंग मराठी कथेंत आमच्या वाचनांत आलेला नाहीं. आमचें पनवेल २०१६ मध्यें महानगरपालिका झालें, दवाखाने वाढले. पण तेथें बसून उच्चारावयाचे शब्द वाढले नाहींत. औषध डॉक्टरांनीं द्यावें. हे शब्द मात्र लेखकांनींच दिले पाहिजेत.