एका वाक्यापाशी

जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) मी एम.ए.ला असताना प्रथम वाचली. पुढे मुलांशी तिच्याविषयी बोलताना माझा भर ठरलेला असे : भिंतीवरून पाळत ठेवणारा टेलिस्क्रीन, कालची बातमी आज बदलणारे सत्य मंत्रालय आणि दर आवृत्तीला बारीक होत जाणारा ‘न्यूस्पीक’ या नवभाषेचा शब्दकोश. तिथून मी हटकून मराठीच्या काळजीवर येई. निबंधात कानडी शब्द दिसला, की माझी लाल शाई चालेच.

यंदा मेच्या सुट्टीत आमची एक माजी विद्यार्थिनी ते पुस्तक घेऊन गेली. ती पी.यू.सी.ला आहे, घरी मराठी, गल्लीत कानडी, कॉलेजात इंग्रजी. परत द्यायला आली तेव्हा मी विचारले, ‘‘भीती कुठे वाटली?’’ उंदरांचा पिंजरा, हे उत्तर मी धरूनच चाललो होतो. ती म्हणाली, ‘‘सर, तिथे दुसरी भाषा शिकायला बंदी आहे.’’

मला ते वाक्य आठवेना. पुस्तक उघडले. विन्स्टन चोरून वाचतो त्या गोल्डस्टाइनच्या ग्रंथात ते आहे. परक्याशी बोलणे झाले, तर तो आपल्यासारखाच आहे हे कळेल आणि युद्धाला लागणारा द्वेषच आटेल. म्हणून ही मनाई. ऑर्वेलने बर्मात पाच वर्षे पोलिसात काढली होती, तो स्पेनच्या यादवीत लढला होता. परक्या भाषेतल्या माणसाची ओळख त्याला पुस्तकातून झालेली नव्हती.

मुलीचे म्हणणे असे, की एका भाषेतला शब्द पुसला, तरी तो शेजारणीकडे मिळतो. म्हणून राज्यकर्त्यांना आधी शेजारीण तोडावी लागते.

मी हरकत घेतली. दोन्ही भाषा उत्तम येणारी माणसे आपल्याकडेही भांडतातच की! ती म्हणाली, ‘‘भांडता तरी येतं, सर. विन्स्टनला युरेशियाच्या माणसाशी भांडतासुद्धा येत नाही.’’

तिचे खरे आहे. चौकातून युरेशियन कैद्यांचे ट्रक जातात, तेव्हा एक म्हातारा कैदी विन्स्टनकडे खिन्नपणे पाहतो. दोघांत एक शब्द होत नाही. गर्दीत ज्युलियाने त्याचा हात धरलेला असतो. मी तो प्रसंग आजवर केवळ प्रेमप्रसंग म्हणून वाचत आलो. मात्र कादंबरीची उणीवही इथेच दिसते. न्यूस्पीकसाठी ऑर्वेल स्वतंत्र परिशिष्ट लिहितो. परभाषेच्या बंदीला जेमतेम एक वाक्य देतो. एका भाषेत वाढलेल्या वाचकाच्या नजरेतून ते निसटावे, यात नवल नाही. माझ्या नजरेतून निसटले, याचे मात्र मला वाईट वाटले.

शाळा सुरू झाल्यावर एका मुलाच्या निबंधात कानडी शब्द आला. लाल खूण केलीच. परीक्षा मराठीची आहे. पण त्याला बोलावून विचारले, ‘‘मराठी शब्द माहीत असून हा का लिहिलास?’’ त्याने कारण सांगितले, आणि ते कारण चांगले होते.