निघण्यापूर्वीचे प्रकरण

प्रवासवर्णन हाती घेतले की पहिली पाने भरभर उलटायची, ही माझी जुनी खोड. कपड्यांची खरेदी, ट्रंका, वडीलधाऱ्यांचे उपदेश, स्टेशनवर पोचवायला आलेली माणसे, हे सगळे म्हणजे जेवणापूर्वीचे पाटपाणी. खरे जेवण गाडी हलल्यावर, असे मी धरून चाललो होतो. यंदा ती खोड मोडली. त्याला कारण झाले सावळघाटातले एक पंक्चर.

माझा एक मित्र शेजारच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवतो. त्याने आणि मी दिवाळीच्या सुटीत कोकणकिनाऱ्याने सायकलीवरून रेवसपासून रेडीपर्यंत जायचे ठरवले. चाळिशी ओलांडलेल्या दोन मास्तरांना हे कुठून सुचले, असे दोन्ही घरांतून विचारून झाले. आम्हा पेठकरांना समुद्र तसा परका नव्हे. आमच्या डोंगरावर पडलेला पाऊस पश्चिमेला उतरतो. शेजारच्या दिंडोरी तालुक्यात उगम पावलेली दमणगंगा दमणला समुद्राला मिळते. ही नदी मी फळ्यावर वर्षानुवर्षे काढीत आलो. तिच्यामागोमाग समुद्रापर्यंत काही गेलो नाही. मित्राचे म्हणणे असे की, उतरायचेच तर सरळ आपल्या मुलखाचा सगळा किनारा पाहू.

तयारी सुरू झाली. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा माझा पहिला भ्रम नकाशानेच घालवला. कोकणात दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. रस्ता खाडीपर्यंत उतरतो, पलीकडे पुन्हा जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो, आणि सडा संपला की पुढच्या खाडीकडे घसरतो. पाचशे किलोमीटरच्या घरातल्या या वाटेवर कितीदा खाली आणि कितीदा वर, याची मोजदाद मित्राने मध्येच सोडून दिली. पूल नाही तिथे तर आहे. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, अशी नावे आम्ही पाढ्यासारखी पाठ केली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून वाहने नेणारी बोट जाते. सायकली तिच्यावर चढवायच्या, म्हणजे आरंभ तरी सुखाचा. खाऱ्या हवेत साखळी गंजते म्हणून तेलाची बाटली, उतारांसाठी ब्रेकची नवी रबरे, दोन जादा ट्यूबा, ठिगळे, सोल्युशन आणि पंप. शिवाय घरून नागलीचे लाडू. पाठीवर काही घ्यायचे नाही, सगळे ओझे कॅरिअरवर.

आणि पुस्तके. कादंबरी लिहिणारा माणूस पाय हलवण्यापूर्वी कपाट हलवतो. ती जुनी वगळलेली पाने मी या निमित्ताने नीट वाचायला घेतली.

प्रथम अर्थातच पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई'. १९६० सालचे हे पुस्तक माहीत नाही असे मराठी घर विरळा. विलायतेला जाण्याची तयारी हा त्यातला एक बहारीचा भाग. मध्यमवर्गीय माणूस परदेशी निघाला की चार घरची माणसे त्याला कसे शहाणे करून सोडतात, ते वाचताना आजही हसू आवरत नाही. पण हसून झाल्यावर ध्यानात येते की, तिथली तयारी ही प्रवाशाची नव्हे, समाजाची आहे. विलायत म्हणजे काय याविषयी आपल्या मनात जे बुजगावणे उभे होते, त्याची ती थट्टा आहे. थट्टेला जिवंतपणा येतो तो लेखक स्वतःलाही सोडत नाही म्हणून, आणि पत्नी सुनीताबाई पुस्तकातही बरोबर चालतात म्हणून.

दुसरे टोक गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या १९५७ सालच्या पुस्तकाचे. नर्मदेच्या परिक्रमेला निघणाऱ्याने बांधायचे काही नसते, सोडायचेच असते. वाटेत जे मिळेल त्यावर गुजराण. तिथे तयारीचे प्रकरण शोधणे हाच वेडेपणा. नावातच 'कुणा एकाची' म्हटले आहे. पण हा एकटा वाचताना एकटा वाटत नाही, कारण दर मुक्कामी कोणी दार उघडते, कोणी पीठ घालते, आणि लेखक त्या माणसांना विसरत नाही.

सायकलीचे म्हणाल तर मुंबईचेच उदाहरण मोठे आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. १९२८ मध्ये तिघे तो पुरा करून परतले: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. पुढे १९३१ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यावर तिघांची नावे आहेत. सहा निघाले आणि तिघे आले, या हिशेबापाशी मी थबकलो होतो खरा. पण त्यातला धडा मला तेव्हा कळला नाही.

कळला तो घाटात. सरावासाठी आम्ही एका रविवारी पेठहून नाशिकच्या रोखाने निघालो. सावळघाटाच्या चढावर मित्र मागे पडू लागला. मला लय सापडली होती. ती मोडू नये म्हणून मी थांबलो नाही. माथ्यावर पोचून चहा घेतला, वारा खाल्ला, आणि वाट पाहत बसलो. तास झाला, दीड तास झाला. मग मित्र एका भाजीच्या टेम्पोतून वर आला, सायकलीसकट. खाली पंक्चर झाले होते. ठिगळ त्याच्याकडे होते, सोल्युशन होते. त्याने ते लावलेही होते. पंप तेवढा माझ्या कॅरिअरला होता.

तो काही बोलला नाही. चूक खरी उघडी पडली ती नंतर, कागदावर. पुढे प्रवासवर्णन लिहायचे म्हणून मी त्याच रात्री वहीत टिपण केले होते, "सावळघाट एका दमात चढलो. माथ्यावरचा वारा अपूर्व." चार दिवसांनी मित्राने ती वही चाळली. पेन्सिल काढली आणि समासात एक बोटभर चित्र काढले: रस्त्याकडेला उलटी ठेवलेली सायकल आणि तिच्यापाशी बसलेला एक माणूस. वही परत देताना म्हणाला, "तू एकटाच जा रे. तुझे पुस्तक चांगले होईल."

वाक्य लागले. लागले, कारण त्यात टीका होती आणि ती नेमकी होती. माझ्या टिपणातले एकही अक्षर खोटे नव्हते. तरी ते सगळे खोटे होते. प्रवासवर्णनाच्या प्रथमपुरुषाला ही खोड असते. 'मी चढलो', 'मी पाहिले' असे म्हणता म्हणता पंप कोणाकडे होता हे तो विसरतो.

त्या अस्वस्थतेत मी चौथे पुस्तक उघडले. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. १८५७ च्या धामधुमीचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तान्त म्हणून आपण ते वाचतो, आणि त्या घाईत त्याचा आरंभ मागे टाकतो. गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. आमची वाट सुरू होते त्याच मुलखातले. घरात ओढगस्त, डोक्यावर कर्ज. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, ही बातमी कानी आली आणि भटजींच्या मनाने घेतले. पण मनाने घेतले म्हणून माणूस निघत नाही. वडिलांची समजूत घालायची. त्यांना धास्ती तिकडच्या भांगेची आणि परमुलखातल्या मोहांची. आई आहे, कर्ज आहे. आणि बरोबर काका आहे.

मला या आरंभाचे मोल आता कळते. निघण्यापूर्वी प्रवासी अजून नायक झालेला नसतो. तो कोणाचा मुलगा असतो, कोणाचा ऋणको, कोणाचा पुतण्या. जो लेखक हे प्रामाणिकपणे सांगतो, त्याच्या पुढच्या पानांवरही विश्वास बसतो. झाशीच्या वेढ्यात सापडलेले हे दोघे जीव मुठीत धरून दडतात, लुटले जातात, आणि भटजी आपली भीती झाकून ठेवत नाहीत. त्या भीतीतही काका जवळ असतो. शेवटी घरी येते ती संपत्ती नव्हे, गंगेची कावड. ज्या आईबापांचा निरोप घेऊन निघाले, त्यांच्यासाठीच ती आणलेली. आरंभ वगळणाऱ्याला या शेवटाचा अर्थ अर्धाच कळेल.

या ग्रंथात दोष नाहीत असे नाही. तो प्रवासानंतर पाव शतकाने, आठवणीवर लिहिलेला. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी तो छापला तेव्हा त्यावर संपादकाचा हात फिरला होता. मूळ पोथीवरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती यायला १९६६ साल उजाडले. तपशिलात चुका काढणारे काढतील. पण काकाला पुस्तकाबाहेर ठेवण्याची चूक भटजींनी केली नाही, आणि त्या चुकीपुढे तारखेची चूक मला लहान वाटते.

म्हणून प्रवासवर्णनाला मी आता एक साधी कसोटी लावतो. देश किती पाहिले, किलोमीटर किती तोडले, हे नंतर. बरोबरचा माणूस पुस्तकात जिवंत आहे का? तो दमतो का, रुसतो का, लेखकाहून कधी शहाणा ठरतो का? 'आम्ही' लिहिणारे पुष्कळ. त्यातला दुसरा कोण, हे पानेच्या पाने वाचून कळत नाही अशीही पुस्तके पुष्कळ. या कसोटीला माझे ते दोन ओळींचे टिपण सपशेल नापास झाले, हे इथे नोंदवून ठेवतो.

गोडसे भटजी मी मित्राला वाचायला दिले. आठ दिवसांनी पुस्तक परत आले, त्यात सामानाची नवी यादी होती. त्याच्या हातची, दोन रकान्यांत. ठिगळे आणि सोल्युशन माझ्याकडे, पंप त्याच्याकडे. तेल माझ्याकडे, पाने त्याच्याकडे. नकाशा माझ्याकडे, नागलीचे लाडू मात्र दोघांकडे सारखे. आता एकाला सोडून दुसऱ्याला पुढे जाता येणार नाही. खाली त्याने लिहिले होते, "चढावर मी पुढे."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे समोर असतील. भाऊबीज झाली की आम्ही निघू. टिपणवही बरोबर घेतली आहे. समास मोठा सोडला आहे.