लीनता, काळजी व अंतःकरण : मराठी ख्रिस्ती भक्तिवाङ्मयांतील तीन शब्द

जुन्या पोथ्या आणि दुर्मिळ मुद्रितें जमविणाऱ्या आमच्या मंडळींत मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयीं एक विषम न्याय रूढ झालेला दिसतो. फादर थॉमस स्टीफन्सकृत 'ख्रिस्तपुराणा'ची एखादी हस्तलिखित प्रत कोठें आढळली, तर तिच्या पानापानाची मोजदाद होते; परंतु गिरगांव-भायखळ्याच्या बाजूनें एकोणिसाव्या शतकांत निघालेलीं, नम्रता, ईश्वरी सांभाळ, मनाची राखण असल्या विषयांवरील लहान भक्तिपर पुस्तकें हातीं आलीं, तर 'मिशनचीं चोपडीं' म्हणून तीं बाजूस पडतात. पहिलें तें भाषेचें धन आणि दुसरा तो प्रचाराचा कागद, असा भेद या वागण्याच्या मुळाशीं आहे. हा भेद टिकण्यासारखा नाहीं, असें आमचें मत आहे. आणि तें सिद्ध करण्यासाठीं ग्रंथांची जंत्री देण्याऐवजीं आम्ही तीन शब्दांचा विचार वाचकांपुढें मांडीत आहों. लीनता, काळजी आणि अंतःकरण हे ते तीन शब्द होत.

हे तीन शब्द एकत्र घेण्यास आधार आहे. नव्या करारांतील पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत, पांचव्या ते आठव्या वचनांत, हे तीनही विषय एकापाठोपाठ येतात. आधीं देवाच्या समर्थ हाताखालीं नमून राहण्याचा उपदेश आहे, मग मनावरचा सगळा भार त्याच्यावर सोडण्याचा, आणि लगेच सावध व जागें राहण्याचा. हा क्रम सहज आलेला नाहीं. जो नमला त्यालाच भार सोडतां येतो. आणि ज्यानें भार सोडला त्यानें निजून राहावें असें नव्हे, तर त्यानेंच पहारा करावा. भक्तिपर ख्रिस्ती लेखन मराठींत आलें तें या तीन पायऱ्यांनीं आलें, आणि प्रत्येक पायरीवर त्याला शब्द शोधावा लागला.

मधली पायरी आधीं घेऊं. मूळ ग्रीकांत माणसानें टाकावयाची ती 'मेरिम्ना' आणि देव करतो तें 'मेलेइ', असे दोन निराळे शब्द आहेत. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरानें दोहोंसाठीं एकच शब्द योजला, त्यामुळें मूळांतील भेद झांकला गेला. आज प्रचलित असलेल्या मराठी भाषांतरांत मात्र माणसाची ती 'चिंता' आणि देवाची ती 'काळजी' अशी वांटणी आहे. म्हणजे या ठिकाणीं मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षां मूळाच्या अधिक जवळ आहे. शिवाय 'काळजी' या शब्दाची एक खुबी आहे. 'काळजी करूं नको' आणि 'काळजी घे' हीं दोन्ही वाक्यें मराठी माणूस एका दमांत बोलतो. 'करणें' आणि 'घेणें' या क्रियापदांनींच जाळणारी काळजी आणि जपणारी काळजी वेगळी होते. ही सोय कोणा भाषांतरकारानें निर्माण केलेली नाहीं. ती घरोघर तयार होती. भाषांतरकारानें ती ओळखली, एवढेंच त्याचें कसब, आणि तें लहान नव्हे.

येथें कोणी विचारील, कीं ईश्वरी सांभाळासाठीं 'योगक्षेम' हा भारदस्त शब्द आपल्या परंपरेंत असतां तो मागें कां राहिला? आमच्या मतें त्याचें कारण अर्थांत आहे. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकांत योगक्षेम वाहण्याचें जें आश्वासन आहे, तें अनन्य चिंतन करणाऱ्या भक्तांस दिलेलें आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायांतील सांभाळ आकाशांतल्या पांखरांस आणि रानांतल्या फुलांस आहे, आणि त्याच्या आधींच्या अध्यायांत चांगल्यांवर व वाइटांवर सारखाच उगवणारा सूर्य आहे. तेथें पात्रतेचा प्रश्नच निघत नाहीं. योगक्षेम हें निष्ठेस मिळालेलें उत्तर आहे. काळजी ही लेंकरूं आहे एवढ्याचसाठीं घेतली जाते. म्हणून शास्त्राचा शब्द ठेवून स्वयंपाकघराचा शब्द उचलण्यांत अर्थाची हानि झाली नाहीं. उलट नेमकेपणा आला.

तिसऱ्या पायरीवर याच्या उलट घडलें आहे. तेथें घरगुती शब्द अपुरा पडला आणि वेदान्ताचा शब्द उपयोगी आला. नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनांत ज्याची राखण करण्यास सांगितलें आहे, त्याला मूळ हिब्रूंत 'लेव' म्हणतात. 'लेव' म्हणजे केवळ भावनेचें घर नव्हे. विचार करणें, निश्चय करणें, आठवण ठेवणें हीं सारीं कामें हिब्रू लेखक त्याच्याच माथीं मारतात. मराठींत 'हृदय' म्हटलें कीं प्रेम व दुःख आठवतें, बुद्धि आठवत नाहीं. 'अंतःकरण' या शब्दांत मात्र मन, बुद्धि, चित्त व अहंकार या चारहि वृत्ति पूर्वींपासून सामावलेल्या आहेत. त्याच अध्यायांतील पुढचीं चार वचनें पाहिलीं म्हणजे ही निवड किती चपखल आहे तें कळतें. त्यांत अनुक्रमें मुखाचा, डोळ्यांचा आणि पावलांचा विचार आहे. आंतलें करण आधीं राखावें, म्हणजे बाहेरचीं करणें आपोआप वळणावर येतात, ही मांडणी आमच्या कोणत्याहि अध्यात्मग्रंथाच्या वाचकास परकी वाटूं नये.

पहिली पायरी सर्वांत अवघड आहे. 'लीन' हा शब्द ज्या 'ली' धातूपासून आला, त्याच धातूपासून 'लय' आणि 'विलीन' हे शब्द आले. संस्कृतांत लीन म्हणजे चिकटलेला, मुरलेला, विरून गेलेला. मराठींत तोच शब्द नम्र या अर्थानें रूढ झाला. ख्रिस्ती विचारांत नम्रता म्हणजे विरून जाणें नव्हे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत ख्रिस्तानें स्वतःस रितें केलें व दासाचें रूप घेतलें असें आहे, परंतु तेथें दास व धनी हे दोघेहि शिल्लक राहतात. मग हा शब्द घेण्यांत धोका नाहीं काय? आहे, असें आम्ही म्हणतों. परंतु त्या धोक्याचें निवारण मराठी संतांनीं आधींच करून ठेवलें होतें. मोक्षापेक्षां चरणसेवा मागणाऱ्या वारकरी भक्तीनें 'लीन' या शब्दास पायाशीं वाकलेला असा अर्थ लावून दिला. ख्रिस्ती लेखकांस तो घासून पुसून तयार मिळाला. जो शब्द तीनचारशें वर्षें अभंगांत राबला, तो त्यांनीं नव्या चाकरीस ठेवला.

या निवडीचा आरंभ मुंबईच्या छापखान्यांपासून झालेला नाहीं. फादर स्टीफन्स हे विल्टशरचे इंग्रज जेझुइट. १५७९ मध्यें ते गोव्यास आले. त्यांचें पुराण रोमन लिपींत १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. जुनीं पुराणें ज्यांच्या हातून गेलीं, त्या नवख्रिस्ती मंडळींस ऐकावयास कांहीं तरी हवें होतें. ती गरज भागविण्यासाठीं त्यांनीं ओवी घेतली. पंचाण्णव अवस्वरूंत मिळून १०,९६२ ओव्या त्यांनीं रचिल्या, आणि स्वर्गास 'वैकुंठ' म्हणण्यास ते कचरले नाहींत. या पुराणाची जी देवनागरी प्रत लंडन येथें मार्स्डेनच्या संग्रहांत आहे, तिच्यांत रोमन पाठांतल्या पोर्तुगीज धर्मशब्दांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द दिसतात. तिच्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधणारे जस्टिन अॅबट हे मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ होते, आणि तिच्या आधारें कारिदाद द्राग यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति १९९६ मध्यें मुंबईसच पॉप्युलर प्रकाशनानें काढली. शब्द बदलला म्हणून जेथें आम्ही पाठभेद टिपतों, तेथें खरें पाहतां कोणता शब्द मराठी मनांत ख्रिस्ती अर्थ वाहूं शकेल, याचाच शोध चाललेला असतो.

तोच शोध मुंबईंत पुढें चालला. १८१३ च्या फेब्रुवारींत अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, आणि थोड्याच वर्षांत त्यांचा मराठी छापखाना सुरू झाला. टॉमस ग्रॅहम यांनीं तेथें मराठी टाइपाचें वळण सुधारलें. पुढें निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी लहानपणीं तेथेंच कामास होते. गिरगांवांत अंबरोली येथें १८३२ मध्यें जॉन विल्सन यांची शाळा निघाली. १८४१ मध्यें हरि केशवजी यांनीं बनियनचा प्रसिद्ध ग्रंथ 'यात्रिकक्रमण' या नांवानें मराठींत आणला. त्या ग्रंथांत यात्रिकास नम्रतेच्या दरींत उतरावें लागतें, आणि उतरतांनाच त्याचा पाय घसरतो. चढण्यापेक्षां उतरणें कठीण, ही त्यांतली कल्पना. आणि यात्रेच्या वाटेवर वाढलेल्या महाराष्ट्रास ती समजावून सांगावी लागत नाहीं.

बाबा पदमनजी हे मूळचे बेळगांवचे. मुंबईंत मिशनच्या शाळेंत शिकले आणि १८५४ मध्यें ख्रिस्ती झाले. 'यमुनापर्यटन' (१८५७) मुळें त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु १८६३ मध्यें मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप त्यांनींच केला, ही गोष्ट त्यांच्या भक्तिपर लेखनाचा विचार करतांना विसरली जाते. ज्यानें एवढा कोश चाळून शब्दांचें वजन केलें, त्याच्या गद्यांत शब्द तोलून पडला तर नवल नाहीं. वाद घालतांना पदमनजी कोरडे होतात, हा दोष आम्ही लपवीत नाहीं. परंतु 'अरुणोदय' या आत्मवृत्तांत ते स्वतःच्या चलबिचलीविषयीं लिहितात, तेव्हां नम्रता हा उपदेशाचा विषय राहत नाहीं, ती लेखनाची रीत होते. आपण किती दिवस डगमगलों हें जो लिहून ठेवतो, त्याला 'नम्र व्हा' असें वेगळें सांगावें लागत नाहीं.

यानंतर या प्रश्नावर दोन थोर व्यक्तींच्या वाटा फुटतात, आणि आमच्या विषयाचें मर्म तेथें आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ मध्यें गिरगांव चौपाटीजवळ शारदासदन काढलें. पुढें केडगांव येथें राहून त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून सगळ्या बायबलाचें भाषांतर केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्यें पूर्ण छापून निघालें. खेड्यांतल्या अशिक्षित बाईस कळावें, आणि हिंदु धर्मकल्पना ज्यांस चिकटल्या आहेत असे शब्द टाळावे, हा त्यांचा कटाक्ष होता. नारायण वामन टिळक १८९५ मध्यें मुंबईंत ख्रिस्ती झाले. त्यांची रीत अगदीं उलट. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते म्हणत. अभंग त्यांनीं जसाच्या तसा घेतला, ख्रिस्तास माउली म्हटलें, गुरु म्हटलें. देवाच्या काळजीस त्यांच्या कवितेंत आईचें रूप आलें तें त्यामुळेंच. त्यांनीं आरंभिलेलें व लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलेलें 'ख्रिस्तायन' १९३८ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां स्टीफन्सची ओवी सव्वातीनशें वर्षांनीं पुन्हां घरीं आली.

रमाबाईंनीं अंतःकरणाप्रमाणें शब्दांवरहि पहारा बसविला. टिळकांनीं दार उघडें ठेवलें. दोघांत उजवें कोण? रमाबाईंच्या बाजूस एक गोष्ट निश्चित आहे. संस्कृत शब्दांच्या आरासीखालीं पुष्कळ बोधपुस्तकांचें गद्य गुदमरलें आहे. त्यांतलीं कांहीं वाक्यें इंग्रजीच्या सांच्यांत ओतलेलीं असून मराठी श्वासानें वाचतांच येत नाहींत. त्यावर रमाबाईंची साधी भाषा हा खरा उतारा आहे. तथापि शब्द धुवून काढला म्हणजे त्याबरोबर त्याची आठवणहि धुतली जाते, आणि भक्तीचें काम आठवणीवांचून चालत नाहीं. लीन या शब्दांतून पायरीवर टेकलेलें मस्तक वजा करा, काळजी या शब्दांतून आई वजा करा. जें उरेल तें कळेल, पण तें मनांत घर करणार नाहीं. म्हणून वाङ्मयाच्या कसोटीवर आम्ही टिळकांस वरचें स्थान देतों, आणि ज्यानें 'वैकुंठ' हा शब्द निःशंकपणें उचलला त्या स्टीफन्सचे ते खरे वारस आहेत असें समजतों.

आतां आरंभीच्या विषम न्यायाकडे वळूं. राशोलच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीनहि आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. छापलेलें पुस्तक कायमचें राहतें, या समजुतीस याहून कडक उत्तर कोणतें हवें? त्या काळींहि कोणी तरी तीं पानें सामान्य म्हणूनच टाकलीं असतील. मुंबईच्या छापखान्यांचीं लहान पुस्तकें आज त्याच वाटेवर आहेत. त्यांचा कागद हातांत तुटतो, आणि रद्दीच्या दुकानांत त्यांचें मोल वजनावर होतें. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनीं जें राखलें तें राखलें. बाकीचें खाजगी कपाटांच्या भरंवशावर आहे.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच, कीं असें पुस्तक हातीं आल्यास त्याचें मुखपृष्ठ फाडून बांधणी करूं नये; छापखान्याचें नांव, साल, आवृत्तीचा क्रमांक आणि छापलेली असल्यास प्रतींची संख्या टिपून ठेवावी; आणि एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्यास दुसरी 'जादा' म्हणून देऊन टाकूं नये. पहिलींत 'हृदय' व दुसरींत 'अंतःकरण' असेल, तर त्या दोन प्रतींच्या मधल्या जागेंतच मराठी भाषेचा एक लहानसा निर्णय झालेला असतो. पोथीच्या पाठभेदास आम्ही जो मान देतों, तोच या पाठभेदास दिला पाहिजे. ज्या पुस्तकांनीं नम्रता शिकविली, त्यांस खालच्या फळीवर ठेवणें आजवर सोपें गेलें. पण राखण करण्याजोगें काय आहे, हें त्यांच्याच पानांतून शिकतां येण्यासारखें आहे.