थोरवीचा ताळेबंद

माझी उंची पाच फूट चार इंच आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण बास्केटबॉलवर लिहिणाऱ्याला लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. शाळेत असताना खेळाच्या मास्तरांनी मला बास्केटबॉलच्या मैदानावर एकदाच बोलावले होते, आणि तेही चुन्याच्या रेषा मारायला. तरीसुद्धा या खेळातल्या थोर पुरुषांबद्दल माझी मते अतिशय ठाम आहेत. ज्या गोष्टीत आपल्याला स्वतःला काही करून दाखवायचे नसते, तिथेच माणसाची मते ठाम असतात. खोटे वाटत असेल तर कोणत्याही बँकेत काउंटरच्या अलीकडच्या बाजूला दहा मिनिटे उभे राहून पाहा.

तर वाद आमच्या सोसायटीच्या बाकावर सुरू झाला. जगातला सर्वांत थोर बास्केटबॉलपटू कोण? चिरंजीव म्हणाले, "लेब्रॉन जेम्स." मी म्हणालो, "मायकेल जॉर्डन." तळमजल्यावरचे काका काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. त्यांची मुलगी बॉस्टनला असते. तिच्याकडे दोन हिवाळे काढून आल्यापासून त्यांच्या बोलण्यात पूर्वी जिथे पुणे यायचे तिथे आता बॉस्टन येते. ते म्हणाले, "बिल रसेल." आणि थोडे थांबून, "अकरा."

रसेलने बॉस्टन सेल्टिक्सकडून १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवली, १९५७ पासून १९६९ पर्यंत. काकांचा सगळा युक्तिवाद एवढाच. तुम्ही काहीही बोला, ते "अकरा" म्हणतात. जॉर्डन अंतिम मालिकेत ६ वेळा गेला आणि सहाही वेळा जिंकला, असे मी सांगितले. "अकरा." लेब्रॉनने २०१६ साली ३-१ असे मागे पडून, त्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या संघाला हरवले, असे चिरंजीवांनी सांगितले. "अकरा."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आकड्यांचा वाद तोंडाने मिटवणे हा माझ्या शिक्षणाचा अपमान. मी खिशातून एक पे-इन-स्लिप काढली, तिच्या पाठीवर उभी रेघ मारली आणि थोरवीचा ताळेबंद मांडायला बसलो. तासाभरात टॅली होईल असा अंदाज होता. त्या गोष्टीला आता तीन आठवडे झाले.

पहिली नोंद विजेतेपदांची. रसेल ११, जॉर्डन ६, लेब्रॉन ४. चिरंजीव म्हणाले, "बाबा, रसेल आला तेव्हा लीगमध्ये संघच मुळी ८ होते. आता ३० आहेत. आठ जणांत पहिला येणं आणि तीस जणांत पहिला येणं, एकच का?" मुद्दा बिनतोड होता. काका एरवी अकराच्या पुढे जात नाहीत, पण या वेळी गेले. म्हणाले, "आठ संघ म्हणजे जेमतेम शंभर जागा. शंभरच जागा असल्या की तिथे भरताड माणूस टिकेल का? रोज उठून अव्वल माणसाशीच गाठ." हाही मुद्दा बिनतोड. दोन बिनतोड मुद्दे एकमेकांसमोर आले की बँकेत आम्ही ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो. तशी टाकली आणि पुढे गेलो.

दुसरी नोंद गुणांची. इथे विल्ट चेंबरलेन नावाचा डोंगर आडवा येतो. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या चॉकलेटच्या गावी त्याने एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. प्रेक्षक ४,१२४. सामन्याचे चित्रीकरण नाही, शेवटच्या भागाचे रेडिओवरचे धावते वर्णन तेवढे उरले आहे. त्या हंगामात त्याची सरासरी ५०.४ गुणांची होती आणि तो दर सामन्यात सरासरी ४८.५ मिनिटे खेळला. सामना असतो ४८ मिनिटांचा. जादा वेळेत गेलेल्या सामन्यांमुळे हा हिशेब असा लागतो. एवढा ओव्हरटाइम आमच्या युनियननेसुद्धा कधी मागितलेला नाही. आणि इतके करून त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान कोणाला? रसेलला! काकांनी नुसते माझ्याकडे पाहिले.

पण गुणांनाही चलनवाढ असते. त्या काळात सामना वाऱ्यासारखा पळायचा, बास्केटवर फेकी पुष्कळ व्हायच्या. आणि त्याच्याही आधी अगदी उलटी तऱ्हा. १९५० सालच्या २२ नोव्हेंबरला मिनीआपोलिस लेकर्स आणि फोर्ट वेन पिस्टन्स यांच्यातला सामना १९-१८ असा संपला. लेकर्सकडे जॉर्ज मायकन होता, ६ फूट १० इंच उंच आणि चष्मेवाला. चष्मा वाचल्यावर मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखे वाटले. त्याच्या हाती चेंडू लागू नये म्हणून पिस्टन्सनी तो नुसता धरून ठेवला. त्याला तेव्हा बंदी नव्हती. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ मायकनचे, म्हणजे ८३ टक्के. चेंबरलेनचे १६९ पैकी १००, म्हणजे ५९ टक्के. टक्केवारीने पाहिले तर मायकन सरस. आणि तो सामना हरला!

पुढे सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब केला. सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंदांचा. रंगलेल्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या मिळून फेकी होतात साधारण १२०. भागाकार २४. म्हणून १९५४ पासून २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकलाच पाहिजे असा नियम झाला. संपूर्ण खेळ बदलणारे हे त्रैराशिक चौथीच्या मुलालाही जमेल, हे वाचून मला फार बरे वाटले.

१९७९ साली तर लीगने नवी नोटच छापली, तीन गुणांची. त्याआधी चेंडू कितीही लांबून टाकला तरी गुण दोनच. करीम अब्दुल-जब्बारने ३८,३८७ गुण केले, त्यांत तीन गुणांची फेक आयुष्यात एक. जॉर्डनच्या सगळ्या कारकिर्दीत अशा ५८१. आणि स्टीफन करी याने २०१५-१६ च्या एकाच हंगामात ४०२ टाकल्या! आता करीमला काय ही नोट वापरता येत नव्हती म्हणून गरीब म्हणायचे? करीमचा तो विक्रम लेब्रॉनने २०२३ च्या फेब्रुवारीत मोडला. चिरंजीवांनी हा आकडा पानावर ठळक लिहायला लावला. मी शेजारी बारीक अक्षरात टीप लिहिली : 'करीम चार वर्षे कॉलेजात, लेब्रॉन अठराव्या वर्षीच नोकरीत. सेवाज्येष्ठता पाहावी.'

माझाही एक निकष होता. कोणासाठी खेळाला स्वतःचे नियम बदलावे लागले ते पाहायचे. मायकनमुळे १९५१ साली बास्केटखालचा पट्टा ६ फुटांचा १२ फूट केला. चेंबरलेनमुळे १९६४ साली तो १६ फूट झाला. रसेलच्या पायी कॉलेजच्या खेळातही पट्टा रुंदावला. करीम कॉलेजात असताना, १९६७ साली, चेंडू वरून दणकून टाकण्यावरच तिथे बंदी आली. निकष मला अतिशय आवडला. मग लक्षात आले की या निकषावर आमचा जॉर्डन पार तळाला जातो.

"मग निकष बदला ना," चिरंजीव म्हणाले. मुलगा पुढे ऑडिटर होणार. कारण त्याने नेमके दुखणे सांगितले. आपण सगळे आधी निकाल लावतो आणि मग त्याला बसेल असा निकष शोधतो. १९९८ च्या जूनमध्ये जॉर्डनने शेवटच्या क्षणी चेंडू टाकून सहावे विजेतेपद मिळवले, तेव्हा मी मिसरूड फुटलेला मुलगा होतो. त्या वयात जो माणूस आपल्याला उंच वाटतो त्याच्यापेक्षा उंच माणूस पुढे जन्माला येत नाही. खुद्द लीगनेही २०२१ साली ७५ वर्षांतल्या ७५ थोर खेळाडूंची यादी केली, तर मते समान पडून नावे ७६ झाली. पंच्याहत्तरच्या यादीत शहात्तर नावे! आमच्याकडे असा एकाचा फरक निघाला असता तर सापडेपर्यंत कोणी घरी गेले नसते.

एवढ्यावर मी स्लिप फाडून टाकणार होतो. पण पानावर एक रकाना रिकामा राहिला होता. रकान्याचे नाव 'ब्लॉक', म्हणजे समोरच्याची फेक हवेतच अडवणे. रसेलची सगळी कीर्ती याच कामाची. त्याच्यासमोर 'शून्य' लिहावे तर तेही लिहिता येईना. कारण लीगने ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात, आणि रसेल निवृत्त झाला १९६९ साली. म्हणजे जे काम त्याने जन्मभर केले, त्याची खतावणीच नाही. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिकही १९६९ पासून, त्याच्या शेवटच्या मालिकेपासून सुरू झाले आणि ते मिळाले हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला. २००९ पासून त्या पारितोषिकाला रसेलचे नाव आहे. ज्याच्या नावाने पारितोषिक, त्याच्याकडे ते एकही नाही!

हे वाचले आणि मला एकदम आमचे जुने हेड कॅशियर आठवले.

मी नोकरीला लागलो तेव्हा ते निवृत्तीला आले होते. एकदा एक पेन्शनर आजी मुदतठेव मोडायला आल्या. मागे मुलगा उभा, सारखा घड्याळ बघत. आजींचा हात थरथरत होता. हेड कॅशियर सहीकडे पाहून म्हणाले, "आजी, सही जुळत नाही. आज राहू द्या, सोमवारी एकट्या या, सावकाश करू." सही मी पाहिली होती. ती चांगली जुळत होती. सोमवारी आजी एकट्या आल्या, चहा प्याल्या आणि ठेव न मोडता घरी गेल्या. आरडाओरडा नाही, उपदेश नाही. रसेलविषयी जाणकार हेच सांगतात. दुसरे लोक अडवलेला चेंडू फटका मारून प्रेक्षकांत भिरकावतात, टाळ्या मिळतात, पण चेंडू परत समोरच्यालाच मिळतो. रसेल तो हलकेच टोलवून आपल्या सोबत्याच्या हातात ठेवायचा.

निरोपसमारंभात साहेबांनी हेड कॅशियरची सेवेची वर्षे सांगितली, रजा किती शिल्लक राहिल्या ते सांगितले आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. आजींच्या ठेवीचा उल्लेख झाला नाही. होणार कसा? त्या दिवशी व्यवहारच झाला नव्हता. झालेल्या व्यवहाराचे व्हाउचर असते, टळलेल्याचे नसते. आता माझ्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर बावीस रकाने आहेत, आणि दर मार्चला ते भरताना मला त्या सोमवारची आठवण येते.

रसेलच्या हिशेबातली आणखी एक गोष्ट अशीच आहे. १९६१ साली सेल्टिक्स संघ प्रदर्शनी सामन्यासाठी केंटकीतल्या लेक्सिंग्टनला गेला. तिथल्या हॉटेलात कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला द्यायचे नाकारले गेले. रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळता निघून गेले. त्या सामन्याच्या गुणपत्रकात रसेलचे नाव नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतल्या मोठ्या सामन्यांपैकी तो एक आहे.

तेव्हा माझा निकाल असा. मी पाहिलेल्यांत जॉर्डनसारखा दुसरा नाही, आणि हे वाक्य खोडायला कोणी सांगू नये. पण वेगवेगळ्या काळांतली माणसे तोलायची असतील तर कोणाचा आकडा मोठा हे नंतर पाहावे; आधी त्याच्या काळच्या वहीत कोणता रकाना नव्हता ते पाहावे. या हिशेबाने रसेलच्या नावावर सर्वांत मोठी रक्कम येणे बाकी निघते. ती अकरांत धरलेली नाही. २०२२ साली तो गेल्यावर लीगमधल्या सगळ्या संघांनी त्याचा ६ क्रमांक कायमचा बाजूला ठेवला, तो बहुधा या बाकीवरच्या व्याजापोटी असावा.

मी हे काकांना सांगितले. त्यांना आनंद होईल असे वाटले होते. ते म्हणाले, "एवढं कशाला? अकरा म्हणतोय ना मी!"

गेल्या रविवारी चिरंजीवांचा शाळेचा सामना होता. गुणपत्रकात त्यांच्या नावापुढे लागले २. मी कठड्याबाहेर बसून स्लिपच्या उरलेल्या जागेत वेगळी नोंद ठेवत होतो : 'अडवले – ४. पडलेल्या मुलाला उठवले – १.' रात्री जेवताना ती वाचून दाखवली. चिरंजीव लाजले, पण त्यांनी स्लिप मागून घेतली.

ताटात भात वाढता वाढता सौभाग्यवती म्हणाल्या, "अठरा वर्षांत या घरात मी काय काय अडवलं, त्याचा रकाना कुठाय?"

मी स्लिप उलटून पाहिली. दोन्ही बाजू भरल्या होत्या. उद्या शाखेतून आख्खे पॅड आणायला हवे.