अन्वय आणि योग्यता

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) जीनोम-विश्लेषणासाठी घडविलेल्या एका कार्यप्रवाह-प्रणालीचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. प्रणालीचे नाव 'अन्वय'. संगणकीय साधनांना संस्कृत नावे देण्याची प्रथा नवी नाही. बहुधा ती शोभेपुरतीच असतात. येथे मात्र नाव गांभीर्याने घेतले, तर साधनाचे मर्म व त्याची मर्यादा ही दोन्ही त्यातूनच उलगडतात.

श्लोकातील विखुरलेली पदे गद्यक्रमाने लावून त्यांचे परस्परसंबंध स्पष्ट करणे म्हणजे अन्वय. जीवशास्त्राच्या अभ्यासकापुढील अडचण अशीच होती. क्रमसाम्य शोधणारे 'ब्लास्ट' (१९९०), अनुक्रम जुळविणारी साधने, वंशवृक्ष रचणारी साधने ही सारी निरनिराळ्या हातांनी घडलेली. एकाचे फलित दुसऱ्यास पुरवावयाचे, तर मध्ये धारिकेचे स्वरूप पालटावे लागे. 'अन्वय'ने ही साधने एका सूत्रात ओवली, मधले रूपांतर पर्ल भाषेतील पार्सरांकडे सोपविले आणि नेहमीच्या कामांसाठी ११ सिद्ध कार्यप्रवाह दिले. आज्ञावलीशी परिचय नसलेल्या संशोधकावर हा उपकार थोडा नव्हे.

परंतु वाक्यार्थबोधासाठी आपल्या शास्त्रकारांनी आकांक्षा, सन्निधी व योग्यता अशा तीन अटी सांगितल्या आहेत. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असावी, ती पदे जवळ असावीत, आणि त्यांच्या अर्थांचा मेळ बसावा. 'विस्तवाने शिंपतो' ह्या वाक्यात पहिल्या दोन अटी पुऱ्या होतात, तिसरी होत नाही. व्याकरण निर्दोष असूनही अर्थ उभा राहत नाही.

कार्यप्रवाहाची साधने पहिल्या दोन अटी उत्तम सांभाळतात. तिसरीचे काय? जनुकाचे स्थान नोंदविताना 'बेड' पद्धतीत मोजणी शून्यापासून होते, 'जीएफएफ' पद्धतीत एकापासून. दोन्हीकडे आकडेच असतात. रूपांतरात हा भेद सुटला, तर वाचन एका अक्षराने सरकते आणि त्रिकांची फोड बिघडून भलतीच प्रथिने हाती येतात. 'ब्लास्ट'चे ई-मूल्यही असेच आहे. ते शोधलेल्या संग्रहाच्या आकारावर अवलंबून असते. लहान संग्रहासाठी ठरविलेली मर्यादा मोठ्या संग्रहास लावली, तर आकडा तोच राहून त्याचा अर्थ बदलतो. द्विरुक्तीने निर्माण झालेली जनुके जातिविभाजनाने वेगळी झालेली समजून दिली, तरी वृक्ष रचणारे साधन तक्रार करीत नाही. सुबक वृक्ष काढून देते. स्वरूपांतराच्या त्रासातून अभ्यासकाची सुटका हे ह्या प्रणालीचे मुख्य आश्वासन आहे; पण अर्थाची तपासणी ज्या सांध्यावर व्हावयाची, तो सांधा नेमका तोच आहे.

हा दोष एकट्या 'अन्वय'चा नव्हे. मँचेस्टर येथे विकसित झालेली 'टॅव्हर्ना' प्रणाली दूरस्थ वेबसेवांवर बरीच विसंबून होती. तिच्या ९२ कार्यप्रवाहांची जी तपासणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे ८० टक्के एक तर चालले नाहीत, किंवा पूर्वीचे फलित देऊ शकले नाहीत. परक्या सेवांची अस्थिरता हे त्याचे प्रमुख कारण होते. 'केग' ह्या संग्रहाची सोप पद्धतीची सेवाही त्याच वर्षाअखेर बंद झाली. येथे तुटली ती सन्निधी. अशी तूट निदान बहुधा दिसते. योग्यतेची तूट दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक.

भिवंडीतील साध्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला, तरी माग थांबेलच असे नाही. कापड निघत राहते. दोष विणकराच्या नजरेने हेरावा लागतो. मागाचा वेग वाढला म्हणून त्या नजरेची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

२००५ साली पुढे आलेली 'गॅलक्सी' प्रणाली प्रत्येक पायरीचे साधन, त्याची आवृत्ती व निवडलेली मूल्ये नोंदविते. ही प्रगती मोलाची आहे. तथापि पुनरावृत्त करता येणारी चूक ही चूकच असते. पायरीवर काय केले ह्याची नोंद यंत्र ठेवील. ते का केले, हे विद्यार्थ्यानेच सांगावयाचे आहे. प्रबंधातील कार्यप्रवाहाच्या आकृतीत प्रत्येक बाणाशेजारी तो जोड का योग्य, ह्याचे एक वाक्य लिहिण्याचा आग्रह विभागांनी धरला, तर 'अन्वय' हे नाव सार्थ होईल.