लांबी मोजली, पण भाषा मोजली का?

मुलाची भाषा वाढते म्हणजे नेमके काय वाढते? बहुतेक जण 'शब्दसंग्रह' असे उत्तर देतील. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी 'अ फर्स्ट लँग्वेज' या 1973 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेगळे उत्तर दिले. बालभाषेच्या अभ्यासात हा ग्रंथ आजही पायाभूत मानला जातो. बालवाडीच्या शिक्षकांनी त्याची ओळख करून घ्यावी; मात्र त्यातली मोजपट्टी मराठी मुलाला लावण्यापूर्वी ती तपासून घ्यावी.

ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 पासून ॲडम, ईव्ह आणि सारा (ही ग्रंथातील नावे) या तीन मुलांचे घरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले व शब्दशः उतरवून काढले. सुरुवातीला ईव्ह 18 महिन्यांची होती, तर ॲडम आणि सारा 27 महिन्यांचे. वयात नऊ महिन्यांचे अंतर असूनही तिघांचे बोलणे साधारण एकाच पायरीवर होते. म्हणजे भाषेची प्रगती वयावरून ठरवता येत नाही. मग कशावरून ठरवायची?

त्यासाठी ब्राउन यांनी उक्तीची सरासरी लांबी हे माप वापरले. मूल एका दमात, एका सुरात जे बोलते ती एक उक्ती. अर्थ असलेला किंवा व्याकरणाचे काम करणारा भाषेचा लहानात लहान घटक म्हणजे रूपिम. 'झाडाला' हा शब्द एक, पण त्यात 'झाडा-' आणि '-ला' असे दोन रूपिम आहेत. शंभर उक्तींमधले रूपिम मोजून शंभराने भागायचे. ही सरासरी 1.75 च्या आसपास असेल तर पहिला टप्पा, 2.25 ला दुसरा, 2.75 ला तिसरा, आणि असेच पुढे 4 पर्यंत. त्यानंतर हे माप फारसे उपयोगी राहत नाही, हे ब्राउन यांनीच नोंदवले आहे.

ग्रंथाचे खरे बळ मोजण्याच्या नियमांत आहे. अडखळत तोच शब्द पुन्हा आला तर तो एकदाच मोजायचा. जोर देण्यासाठी आला तर दरवेळी मोजायचा. 'गो'चे 'वेन्ट' झाले तरी तो एकच रूपिम धरायचा, कारण या दोहोंचा संबंध मुलाला कळला आहे याचा पुरावा नाही. प्रौढांचे व्याकरण मुलावर लादायचे नाही, ही या नियमामागची दृष्टी मोलाची आहे.

आता हेच माप मराठीला लावून पाहू. समजा, एक मूल म्हणाले : 'बाबा आले.' 'बाऊ.' 'मला दे.' 'बॉल पडला.' 'नको, नको!' शब्द मोजले तर 9, सरासरी 1.8. रूपिम मोजू. 'पडला' म्हणजे पड + ल + आ, तीन, 'आले' हेही तसेच तीन, 'मला' दोन. एकूण 14, सरासरी 2.8. तेच मूल, त्याच पाच उक्ती. पण एका हिशेबाने ते पहिल्या टप्प्यावर, दुसऱ्याने तिसऱ्या! पाच उक्ती अर्थातच फार थोड्या आहेत, पण शंभर घेतल्या तरी ही अडचण सुटत नाही. 'पडला' हा त्या मुलासाठी एक अखंड शब्द आहे की तीन तुकडे, हे आधी ठरवावे लागते. ते मूल 'बाहुली पडली', 'पान पडलं' असेही म्हणत असेल, तरच तुकडे मोजण्यात अर्थ आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंग्रजीत मूल आधी प्रत्ययाशिवाय बोलते आणि मग प्रत्यय जोडू लागते. म्हणून लांबी वाढली की व्याकरण वाढले असे म्हणता येते. मराठी क्रियापद 'दे', 'बस' अशी आज्ञा सोडल्यास नुसत्या धातूच्या रूपात क्वचितच ऐकू येते. इथले शिक्षण प्रत्यय जोडण्यापेक्षा योग्य प्रत्यय निवडण्याचे आहे. आईचे ऐकून मुलगा 'मी जाते' म्हणतो, आणि पुढे 'मी जातो' म्हणू लागतो. त्याने केवढी मजल मारली! लांबी मात्र एका रूपिमानेही वाढली नाही.

तिसरी गोष्ट विचारणाऱ्याची. चित्र दाखवून 'हे काय?' असे विचारत राहिलो तर उत्तर 'मांजर' एवढेच येणार. 'मांजर काय करतंय?' असे विचारले तर सरासरी आपोआप वाढेल. म्हणजे आकड्यात मुलाबरोबर शिक्षकाचेही माप येते.

म्हणून हा ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. इंग्रजीतील चौदा व्याकरणिक रूपिम तिन्ही मुलांनी जवळजवळ सारख्याच क्रमाने आत्मसात केले, आणि आईवडिलांच्या बोलण्यात ते किती वेळा येतात यावर तो क्रम ठरला नाही, हा त्यातील निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. नुसत्या पाठांतराने भाषा येत नाही, याचा तो भक्कम आधार आहे.

शिक्षकांनी या ग्रंथातून आकडा न घेता सवय घ्यावी. मुलाचे बोलणे जसेच्या तसे लिहून ठेवावे, आणि दोन महिन्यांनी त्याच मुलाच्या नव्या नोंदीशी ते ताडून पाहावे. इंग्रजीच्या तक्त्यातील टप्पा पाहून मराठी मुलाच्या नावापुढे 'मागे पडलेले' असा शेरा लिहिणे हा शास्त्राचा वापर नव्हे. एकदा लिहिलेला शेरा मुलाला बरीच वर्षे पुरतो.