धनुष्याला बळ लागते का? रोल-प्लेइंग गेममधील दूरमारक शस्त्रांची चिकित्सा

कादंबरीची समीक्षा कशी करायची हे तुम्ही शिकला आहात. या पाठात आपण एका तक्त्याची समीक्षा करणार आहोत. तक्ता आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला, २०१४ सालचा. त्यात शस्त्राचे नाव, किंमत, वजन, डॅमेजचा फासा आणि पल्ला एवढेच दिलेले आहे. पण यातला प्रत्येक आकडा हे एक विधान असते. हे शस्त्र कोणी वापरावे, कुठून वापरावे आणि त्यासाठी काय गमवावे, हे आकडाच ठरवतो. खेळ कधी खेळला नसेल तरी हरकत नाही. वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात आपली बेरीज मिळवायची आणि उत्तर शत्रूच्या आर्मर क्लासइतके किंवा जास्त आले की वार लागला, एवढे माहीत असले तरी पुरे.

पहिला प्रश्न धनुष्य ओढण्याचा. पाचव्या आवृत्तीत धनुष्याचा नेमही डेक्स्टेरिटीवर, म्हणजे चपळाईवर, आणि डॅमेजही चपळाईवरच. ताकदीचा संबंध जवळजवळ नाही. किरकोळ अंगाचा, पण चपळ चोर लाँगबो ओढतो आणि त्याचा बाण पहिलवानाच्या बाणापेक्षा खोल रुततो. आपल्या भाषेत अवघड काम अंगावर घेण्याला 'शिवधनुष्य पेलणे' म्हणतात. तिथे परीक्षा बाहूंची आहे. होमरच्या ओडिसीतही धनुष्याला प्रत्यंचा चढवता न आल्यामुळेच पेनेलोपीचे उमेदवार उघडे पडतात. ही झाली काव्ये. प्रत्यक्षातला पुरावा हवा असेल तर इंग्लंडचे 'मेरी रोज' हे जहाज पाहा. ते १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. त्यात सापडलेली शंभराहून अधिक धनुष्ये ओढायला १०० पौंडांपासून १८० पौंडांच्या आसपासपर्यंत जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पन्नास किलोचे पोते एका हाताने कानापर्यंत ओढून, तेवढ्यातच नेम धरण्याची कल्पना करा.

रचनाकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. याच खेळाच्या २००३ सालच्या ३.५ आवृत्तीत काँपोझिट धनुष्य विशिष्ट ताकदीसाठी बनवून घेता येई. ताकदीचा तेवढा बोनस डॅमेजमध्ये मिळे, आणि धनुष्य आपल्या कुवतीपेक्षा जड निघाले तर नेमावर वजा दोन. नियम चांगला होता, पण किचकट होता. प्रत्येक धनुष्याची वेगळी किंमत, वेगळा हिशेब. पाचव्या आवृत्तीने सोपेपणासाठी तो काढून टाकला. हा निर्णय मला अर्धाच पटतो. किचकट नियम गेला हे ठीक, पण त्याने जे काम केले होते ते दुसऱ्या कुणाकडे सोपवले गेले नाही. 'पाथफाइंडर'च्या दुसऱ्या आवृत्तीने मधली वाट काढली: काँपोझिट धनुष्य आणि गोफण यांच्या डॅमेजमध्ये ताकदीचा अर्धा बोनस. एक ओळीचा नियम, आणि धनुर्धराला दंडाचा विचार पुन्हा करावा लागतो.

आता खरे नुकसान कुठे झाले ते आकड्यांत पाहू. शार्पशूटर नावाचे एक फीट, म्हणजे निवडून घेण्याचे विशेष कौशल्य, २०१४ च्या आवृत्तीत आहे. नेमावर वजा पाच घ्या, लागला तर डॅमेज अधिक दहा. वर लांबच्या पल्ल्याचा तोटा माफ, आणि आडोशाचा तोटाही जवळजवळ माफ. पाचव्या पातळीचा धनुर्धर घ्या: चपळाईचे ४, प्रावीण्याचे ३ आणि आर्चरी शैलीचे २, मिळून नेमावर ९. शत्रूचा आर्मर क्लास १५. साध्या बाणाला फाशावर ६ पुरतात, म्हणजे ७५ टक्के संधी. लाँगबोच्या आठ पैलूंच्या फाशाची सरासरी साडेचार, त्यात ४ मिळवून साडेआठ. दर बाणामागे अपेक्षित डॅमेज सुमारे ६.४. शार्पशूटर लावला की संधी ५० टक्के आणि डॅमेज साडेअठरा, म्हणजे ९.२५. (फाशावर २० आल्यावर मिळणारा जादा डॅमेज मी दोन्हीकडे सोडून दिला आहे.)

दोन हातांची तलवार चालवणाऱ्यालाही तसेच फीट आहे, वजा पाच, अधिक दहा. पण त्याच्या लढण्याच्या शैलीत नेमाचे अधिक दोन नाहीत; तिथे डॅमेजच्या फाशांवर १ किंवा २ आल्यास पुन्हा टाकता येतो. तोच आर्मर क्लास, तेवढीच ताकद धरली तर त्याचे उत्तर ८.९ च्या जवळ येते. त्याला अधूनमधून एक जादा वार मिळतो, हे त्याच्या बाजूने मोजा. तरी चित्र असे उरते की राक्षसाच्या तोंडाशी उभा राहणारा आणि ६०० फुटांवर आडोशाला बसलेला जवळपास सारखेच मारतात. लांब राहण्याची किंमत कुणीच भरली नाही. दूरमारक शस्त्राच्या रचनेतला मुख्य प्रश्न हाच: धनुर्धराला जे अंतर मिळते, त्याच्या बदल्यात तो काय देतो?

देण्यासारख्या गोष्टी तक्त्यात आहेत, पण खेळताना त्या निसटतात. बाण घ्या. भात्यात वीस मावतात, लढाईनंतर मिनिटभर शोधले की खर्च झालेल्यांपैकी निम्मे परत मिळतात. नियम नेटका आहे. पण वीस बाणांना एक सोन्याचे नाणे पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या मोहिमेनंतर ते कुणी मोजत नाही. पल्ल्याचेही तसेच. टेबलावरच्या नकाशात एक इंच म्हणजे पाच फूट. लाँगबोचा ६०० फुटांचा पल्ला मांडायला दहा फूट लांबीचे टेबल लागेल! तळघरातल्या चाळीस फुटी खोलीत १५० आणि ६०० या आकड्यांना अर्थ नाही, आणि उघड्या माळावर त्यांना नको तेवढा अर्थ आहे. तिथे ६०० फुटांवरून धावत येणारा शत्रू एका फेरीत साठ फूट कापतो. दहा फेऱ्या, दर फेरीला दोन बाण, म्हणजे तो पोहोचेपर्यंत पूर्ण भाता रिकामा होतो.

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) हा संगणकीय खेळ याच नियमांवर उभा आहे. त्यात धनुष्याचा पल्ला १८ मीटरवर आणला आहे, साधे बाण कधीच संपत नाहीत आणि उंचावरून मारणाऱ्याला नेमावर अधिक दोन मिळतात. मूळ तक्त्यावरची ही उत्तम टीका आहे असे मी मानतो. जे आकडे पडद्यावर जगत नव्हते ते काढले आणि 'कुठे उभा आहेस' हा प्रश्न ठेवला. त्याच खेळात ताकदीचा बोनस डॅमेजमध्ये देणारे टायटनस्ट्रिंग नावाचे धनुष्य आहे. म्हणजे जे सर्वच धनुष्यांचे लक्षण असायला हवे, ते इथे जादूची वस्तू म्हणून मिळते.

क्रॉसबोची रचना अधिक विचाराची आहे. हेवी क्रॉसबोचा फासा दहा पैलूंचा, म्हणजे लाँगबोपेक्षा सरासरी एकच अधिक. पण भरायला वेळ लागतो म्हणून एका कृतीत एकच बाण. पाचव्या पातळीला योद्ध्याला दोन वार मिळाले की क्रॉसबो अडगळीत जातो. मात्र हलका क्रॉसबो 'साध्या' शस्त्रांत आहे आणि लाँगबो 'युद्धाच्या' शस्त्रांत. त्यामुळे जादूगारालाही तो पहिल्या दिवसापासून चालवता येतो. धनुष्याला वर्षांचा सराव लागतो आणि क्रॉसबो थोड्या दिवसांत शिकता येतो, हा इतिहास एका वर्गवारीत मावला आहे. पुढे क्रॉसबो एक्स्पर्ट हे फीट भरण्याचा वेळच रद्द करते आणि शस्त्राचे सगळे व्यक्तिमत्त्व पुसून टाकते.

गोफणीवर मात्र अन्याय आहे. चार पैलूंचा फासा, पल्ला ३० आणि १२० फूट, किंमत चांदीचे एक नाणे. तक्ता सांगतो की हे गरिबाचे शस्त्र आहे, म्हणून वाईट. ज्वारीच्या शेतात माळ्यावरून पाखरे हाकणाऱ्याची गोफण ज्यांनी पाहिली आहे त्यांना ३० फूट हा आकडा हास्यास्पद वाटेल. झेनोफोनने तर शिशाच्या गोळ्या वापरणाऱ्या रोड्सच्या गोफणधाऱ्यांचा मारा पर्शियन गोफणींपेक्षा लांब जात असल्याचे नोंदवले आहे. किंमत आणि शिकण्याचे कष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोफण स्वस्त आहे, सोपी नाही. रचनाकाराने त्या एकत्र केल्या आणि एक चांगले शस्त्र वाया घालवले.

२०२४ च्या सुधारित नियमपुस्तकात शार्पशूटरमधले वजा पाच, अधिक दहा गेले. लाँगबोचा बाण लागला की सराव असलेल्याला शत्रूचा वेग दहा फुटांनी कमी करता येतो, हेवी क्रॉसबोने तो दहा फूट मागे ढकलता येतो. शस्त्रांना फाशापलीकडची ओळख मिळाली, ही मोठीच सुधारणा. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. जड शस्त्रांचा डॅमेज वाढवणारे ग्रेट वेपन मास्टर हे फीट आता जड धनुष्यालाही चालते, पण ते घ्यायला अंगात किमान १३ ताकद लागते. ताकद समोरच्या दाराने गेली होती, ती अशी मागच्या दाराने परत आली आहे.

स्वाध्यायासाठी: तुमच्या भागातले एखादे दूरमारक शस्त्र निवडा, निहंगांचे चक्र असेल, बांबूचे धनुष्य असेल किंवा गोफण. त्याला फासा, पल्ला आणि किंमत द्या. मग शत्रू पाच फुटांवर आल्यावर ते चालवणाऱ्याचे काय होते, ते एका ओळीच्या नियमात लिहा.